मोजणीत नसलेला घोडा

"हे निळं काय अडकलंय, ताई? पुसून टाकू?" नोमिननं विचारलं, तेव्हा मी छापखान्याच्या खिडकीतून चौकात अडकलेल्या गाड्या बघत होते. उलानबातरमध्ये संध्याकाळी गाड्या हलत नाहीत, त्यांचे मागचे लाल दिवे फक्त मंद होतात आणि पुन्हा पेटतात, आणि ते बघता बघता डोक्यातलंही सगळं हळूहळू थांबतं. मी वळले. नोमिन आमच्या प्रदर्शनाचे फोटो छपाईसाठी तयार करत होती. तिच्या पडद्यावर मी काढलेला फोटो इतका मोठा झाला होता की त्यात घोडा उरला नव्हता, नुसते केस होते, आणि केसांमध्ये एक निळी रेघ. "प्लॅस्टिक असेल," ती म्हणाली. "वाऱ्यानं उडून बसलं असेल. रानघोड्याच्या अंगावर बरं नाही दिसत." तिचं बोट कळीवर होतं. मी म्हटलं, "थांब." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या यंत्रावरच्या माणसानं मान वर केली. "जरा मागे घे," मी म्हटलं. तिनं चित्र मागे घेतलं. केसांची आयाळ झाली, आयाळीची मान झाली, आणि दोन तरुण घोड्यांच्या पाठीमागे, धुळीत अर्धा बुडालेला तिसरा घोडा माझ्याकडे बघू लागला. त्याच्या कपाळावर झुलूप होती.

ताखी म्हणजे आमचा रानघोडा, आणि त्याच्या कपाळावर झुलूप नसते. आयाळही कधी मानेवर लोळत नाही, ती ब्रशसारखी ताठ उभी असते. हे मी शाळांमधल्या मुलांना चित्र काढून दाखवते, आणि मुलं ते एकदाच ऐकून लक्षात ठेवतात. पायांवरच्या पट्ट्यांवरून मी आमच्या खोऱ्यातला प्रत्येक ताखी ओळखते. माझी नोकरीच ती आहे. आणि तरी हा फोटो मी आठवडेच्या आठवडे माझ्या मेजासमोर लावून ठेवला होता. त्याच्याकडे बघत चहा प्यायले होते. तो काढला त्या सकाळी मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला गवतात पालथी पडून होते. कोपरांखाली दगड होते, तोंडात धूळ होती, आणि त्या दोन घोड्या टेकडीवरून खाली आल्या तेव्हा मला आधी त्यांचा आवाजही आला नाही, जमीन माझ्या पोटाला कळली. बापाच्या कळपातून वेगळ्या झालेल्या त्या दोघी, आणि त्यांच्याबरोबर एक नर. नवा कळप. आमच्या खोऱ्यात ताखी परत आणून सोडले तेव्हा मी लहान होते. त्यांनी आपण होऊन नवा कळप मांडलेला बघायला मिळावा म्हणून मी इतकी वर्षं पालथी पडत आले होते. डोळ्यांत पाणी असताना माणसानं मोजणी करू नये. मी नराच्या अंगाचा पिवळसर मातीचा रंग बघितला आणि बाकीचं माझ्या मनानं भरून टाकलं.

"पुसू नकोस," मी नोमिनला म्हटलं. "हा फोटो छापूही नकोस इतक्यात." ती म्हणाली, "अहो, हाच तर मधोमध लावायचाय. पोस्टरवर तोच आहे." माझा हात कोटाच्या आत, पोटाच्या उजव्या बाजूला गेला होता. तिथला व्रण आता दुखत नाही, पण थंडीत जरा ताठरतो. तीन वर्षांपूर्वी तिथून एक गाठ काढली. शुद्धीवर आल्यावर पहिला फोन मामाचा होता. माझा मामा शारव, आईचा थोरला भाऊ. आई गेल्यापासून माझं जे काही माहेर आहे ते तो आहे. फोनवर तो नेहमीच ओरडून बोलतो, मधल्या अंतरावर त्याचा विश्वास नाही. "एक घोडा सोडलाय देवाला," तो ओरडला होता. "तुझ्या नावानं. सेतेर बांधला." मी विचारलं होतं, कुठला घोडा. "ते विचारायचं नसतं," तो म्हणाला होता. मी म्हटलं होतं, "मामा, गाठ डॉक्टरांनी काढलीय." त्यावर तो म्हणाला होता, "हो. आणि शिवलंही त्यांनीच. पण शिवणीला शेवटी गाठ मारावी लागते की नाही?" सेतेर म्हणजे आयाळीत गुंफलेली निळी रेशमी फीत. ती बांधली की त्या घोड्यावर कुणी बसत नाही, त्याला दोरी लावत नाहीत, कातरत नाहीत, विकत नाहीत, खच्ची करत नाहीत. तो हवा तिकडे फिरतो आणि ज्याच्यासाठी बांधला त्याचं आयुष्य सांभाळतो. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. त्या घोड्याची मी तीन वर्षांत एकदाही चौकशी केली नव्हती. आणि आता तो माझ्याकडे बघत होता, झुलूप जरा डाव्या डोळ्यावर आलेली.

ताखीच्या पेशीत सहासष्ट गुणसूत्रं असतात, आपल्या घोड्याच्या चौसष्ट. दोघांचं शिंगरू पासष्टचं होतं, आणि ते वांझ नसतं, हीच अडचण आहे. ते शिंगरू मोठं होतं, त्याला शिंगरं होतात, आणि जे जगात कुणी कधी पाळलं नाही, ज्याच्या पाठीवर कुणी कधी बसलं नाही, ते माणसाच्या एका पिढीत विरघळून जातं. दिसायला काहीच होत नाही, एवढंच की आयाळी हळूहळू खाली वाकायला लागतात. म्हणून आमच्या खोऱ्यातल्या पशुपालकांच्या सभेनं स्वतःच नियम केला होता की सगळे पाळीव नर वसंतात नदीपलीकडे न्यायचे. कुणी वरून सांगितला नव्हता. फोटो कुणी काढायचे, कुठून काढायचे, कुठले बाहेर द्यायचे, हेही सभाच ठरवते. खोऱ्यातल्या पवित्र पर्वताचं शिखर फोटोत येऊ द्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच. प्रदर्शन भरायचं होतं ते एवढ्यासाठी की राजधानीतल्या लोकांनी बघावं, ही माणसं हे करू शकतात. शरद ऋतूत ठरणार होतं की खोरं त्यांच्याच हाती राहणार, की भोवती कुंपण येणार आणि पगारी पहारेकरी. आणि पोस्टरवर मधोमध माझा घोडा होता.

छापखान्यातून मी सरळ बसस्थानकावर गेले. रस्ता लांबचा आहे. त्यावर झोप येत नाही, फक्त विचार बसच्या वेगानं मागे पडत जातात आणि शेवटी एकच उरतो. माझा विचार साधा होता आणि मला त्याची लाज वाटत होती. डॉक्टर पाच वर्षं झाल्यावर 'बरी' असा शब्द वापरतात. माझी तीन झाली होती. त्या तीन वर्षांत माझ्यावर शस्त्रक्रियाही झाली होती आणि आयाळीत फीतही होती. कशामुळे मी बसमध्ये बसले आहे हे सांगायला तुलनेसाठी दुसरी मी नव्हती, फीत नसलेली. प्रयोगशाळेत आम्ही असा प्रयोग फेकून देतो.

मामाच्या गेरमध्ये, त्याच्या गोल तंबूत, शिरले तेव्हा तो चुलीपाशी बसून लगामाचा चामडी पट्टा शिवत होता. "आलीस? वाळलीस," तो म्हणाला, मी लठ्ठ झाले असते तरी तेच म्हणाला असता. खारट दुधाचा चहा झाला. वाळवलेल्या दह्याचे खडे पुढे आले. जनावरं सुखात आहेत का, मी विचारलं. आहेत, तो म्हणाला, आणि तुझं शहर? "अडकून पडलंय." "मग बरंय. पळून तरी जाणार नाही." चहा संपेपर्यंत मी थांबले, आणि मग फोटो त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्यानं तो उजेडाकडे धरला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचं काही येईल म्हणून मी बघत होते. आलं ते वेगळंच. लांब शिकायला गेलेल्या मुलाचा फोटो बघावा तसा तो बघत होता. "अंग भरलंय की रे," तो फोटोला म्हणाला.

"मामा, सभेत तुम्ही सांगितलंत, सगळे नर पलीकडे नेले म्हणून."

"नेलेच. सगळे नेले. पुरेवमानं स्वतः मोजून घेतले."

"आणि हा?"

"हा माझा कुठाय?" त्यानं मान वर केली, आणि त्या डोळ्यांत लबाडी शोधूनही सापडली नसती. "हा दिलेला आहे. दिलेलं कुणी मोजतं का? तुझी आई लग्न होऊन गेली, त्यानंतर आमच्या गेरात माणसं किती म्हणून विचारलं तर तिला धरून सांगत होतो का मी?"

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. माझीही मोजणी चुकली होती, त्याच घोड्याच्या बाबतीत. मी त्याला ताखींत धरलं होतं, आणि मामानं त्याला कशातच धरलं नव्हतं.

पुरेवमाताई संध्याकाळच्या आतच आली. ती सभेची प्रमुख आहे, साठी उलटलेली, आणि जिथे इतर मोटारसायकलवर जातात तिथेही घोड्यावरच जाते. तिनं फोटो बघितला, मामाकडे बघितलं, आणि स्वतःच चहा ओतून घेतला. "शारव, तुझ्या देवाची नजर चांगली दिसतेय," ती म्हणाली. "एवढं रान सोडून नेमक्या आमच्याच पोरी आवडल्या त्याला."

"त्याला दोरी लावता येत नाही, ताई. तुला माहितीय."

"माहितीय. मग शहरातल्या साहेबांना काय सांगू? की आमचा नियम सगळ्यांना लागू, फक्त देव नर असेल तर सूट?" मामा पट्टा शिवत राहिला. ताईचा आवाज खाली आला. "सेतेर उतरवून दुसऱ्याला बांधता येतो. घोडा म्हातारा झाला की करतोच आपण."

"तो म्हातारा नाही. आणि मधे काही झालं तर?" त्यानं माझ्याकडे न बघता सुईनं माझ्याकडे दाखवलं. "हिचं काही झालं तर तू बघशील का कुणीतरी साहेब बघेल?"

मला म्हणायचं होतं की मला काही होणार नाही. शब्द तयार होते, पण ते बोलायला मला जी खात्री लागली असती ती नव्हती, आणि खात्री नसताना विधान करायचं नाही ही माझी जुनी सवय. चुलीत शेणी कोसळली आणि पुन्हा पेटली. मी विचारलं, "कुणी उतरवायचा असतो?" ताई म्हणाली, "ज्याच्यासाठी बांधला त्यानं." मामा म्हणाला, "आणि उतरवला की तो जमिनीला टेकवायचा नाही, रिकामाही ठेवायचा नाही. तिथल्या तिथे दुसऱ्याच्या आयाळीत." मग पट्टा बाजूला ठेवून: "माझा तो पांढरा खच्ची घोडा आहे. गरीब आहे. त्याला चालेल." एवढं बोलून तो बाहेर गेला, आणि कापडापलीकडून तो त्या पांढऱ्या घोड्याशी काहीतरी बोलताना ऐकू येत होता.

सकाळी आम्ही निघालो. ज्याचं नाव त्याच्यासमोर आम्ही घेत नाही तो पर्वत डाव्या हाताला होता, त्याच्या खांद्यावर अजून बर्फ होतं. मामा त्याच्या काळसर तांबड्या खच्ची घोड्यावर, ज्यावर बसून तो म्हातारा झाला, आणि त्याच्यामागे मी; पांढरा त्याच्या हातातल्या दोरीला. ताईच्या हाती लांब काठीचा फास. तिसऱ्या टेकडीवरून ते तिघं घोडे दिसले. मी उतरले, कॅमेरा गळ्यात होता, आणि चालू लागले. मागे मामानं पेल्यातलं दूध आकाशाला अर्पण म्हणून उडवलं. थेंब माझ्या मानेवर पडले.

कॅमेऱ्यातून मी त्यांना हजारदा जवळ आणलं होतं. आज मी जवळ जात होते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही हे मला चालताना कळलं. माणूस दिसला की ताखी पळतात. किती अंतरावर पळतात त्याचे आकडे माझ्याकडे आहेत, मीच घेतलेले. ते अंतर आलं आणि मागे पडलं. त्या दोघी पळाल्या नाहीत, कारण तो पळाला नाही. त्यानं माणसं बघितली होती, माणसाच्या हातानं त्याला कधी दुखवलं नव्हतं, आणि त्या त्याच्याकडे बघून ठरवत होत्या. मी श्वास कमी केला. वारा माझ्या तोंडावर येत होता, त्यात दवण्याच्या जातीच्या कडू गवताचा वास होता आणि खाली दुसरा, उष्ण, जुना, जो आपल्या घोड्यांच्या अंगाला येत नाही, की येत असेल आणि आपण त्याला आपलाच वास समजत असू. थोरलीच्या पुढच्या पायावर सात पट्टे आहेत. मी तिला त्यावरून ओळखते. आता ते पट्टे माझ्यासमोर हलत होते, त्यांच्याखाली स्नायू हलत होता, आणि मला आकडा आठवेना. तिच्या डोळ्यात मी होते, वाकडी, लहान, मागे सगळं आकाश. या डोळ्यात आजवर खोगीर घेतलेला माणूस कधी उतरला नव्हता, तिच्या आईच्या, तिच्या आईच्या आईच्या, मागे मागे जिथपर्यंत घोडा नावाची गोष्ट होती तिथपर्यंत. पर्वताचं नाव का घेत नाहीत हे मला तेव्हा कळलं. त्यात भीती नसते. एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर आपला आवाज ऐकायला नको वाटतो.

पिवळ्या घोड्यानं मी तळहातावर पुढे धरलेलं मीठ चाटलं. जीभ खरखरीत होती. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली रक्त धावत होतं, संथ, माझ्यापेक्षा खूप संथ. तीन वर्षं हा माझ्या नावानं इथे उभा होता, पावसात, बर्फात. मी चौकातले लाल दिवे बघत होते तेव्हाही. मी त्याला काय म्हटलं ते लिहिणार नाही. फीत केसांत इतकी मुरली होती की कुठे रेशीम संपतं ते कळत नव्हतं. नखं लागेनात तेव्हा मी गाठ दातांनी सोडवली. तोंडात खारट चव आली. फीत हातात आली तेव्हा तिचं वजन काहीच नव्हतं.

त्याच क्षणी धाकटी फुरफुरली आणि दोघी एकदम वळल्या. टापांचा तो आवाज पांढऱ्यानं आयुष्यात ऐकला नसेल. मी वळून बघितलं तर त्यानं मामाच्या हातातून दोरी हिसकली होती आणि तो शेपूट उंच करून गेरच्या दिशेनं सुटला होता, टेकडीमागे दिसेनासा होईपर्यंत. ताई तोवर पिवळ्याच्या मागे निघाली होती. वारा कापत जाणारी ती साठीची बाई, पुढे झुकलेली काठी, आणि एकाच झटक्यात फास त्याच्या गळ्यात. ती खोगिरात मागे रेलली, घोडा थांबला, आणि मग जणू त्याला आठवलंच की आपण घोडा आहोत, तसा तो तिच्याबरोबर नदीकडे चालू लागला. त्यानं एकदा मागे बघून हाक मारली. मी तिथेच उभी होते, रिकामी फीत दोन्ही हातांनी छातीशी धरून.

मामा माझ्यापाशी आला. तो पांढऱ्याच्या मागे बघत नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता. "मामा, त्याला घेऊन या," मी म्हटलं. "मी थांबते."

"रिकामी ठेवायची नाही," तो म्हणाला, आणि खाली उतरला. तो खोगिराचा पट्टा सोडू लागला तेव्हा मला कळलं, आणि मी म्हटलं, नको. "हा तुमचा बसायचा आहे. याच्यावर परत बसता येणार नाही."

"तू शिकलेली आहेस म्हणून मला नवीन काही सांगतेस असं वाटतंय का तुला?" त्यानं खोगीर उतरवलं, लगाम काढला. त्या घोड्याची पाठ मी कधी उघडी बघितली नव्हती. खोगिराच्या जागी केस पांढरे झाले होते, मामाच्या आकाराचे. "बांध. घट्ट बांध. तुला गाठ मारता येत नाही नीट, लहानपणापासून." मी बांधली. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं, पण मदत केली नाही; करायची नसते. गाठ पडली तेव्हा त्यानं घोड्याचं कपाळ आपल्या कपाळाला लावलं, वास घेतला, जसा म्हातारी माणसं लेकरांचा घेतात, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "जा," तो म्हणाला. "आता तू कुणाचा नाहीस." घोडा गेला नाही. दोन पावलं बाजूला जाऊन चरू लागला.

मामानं खोगीर पाठीवर घेतलं. आमच्यात पाठीवर खोगीर घेऊन चालणारा माणूस म्हणजे घोडा मेलेला माणूस. लोक त्याला बघून नजर खाली करतात. "कुणी विचारलं तर सांग, मामाला व्यायाम करायचाय म्हणून," तो म्हणाला, आणि निघाला. त्याचे पाय वाकडे होते, बाहेर वळलेले, जमिनीसाठी न घडलेले. मी त्याला गेरपासून खुंट्यापर्यंतच चालताना बघितलं होतं. एवढ्या मोकळ्या रानात चालताना कधीच नाही. मी त्याच्या मागून जात राहिले. व्रण ताठरला नव्हता, दुखत नव्हता; मी लक्ष ठेवून होते, आणि यापुढेही ठेवणार होते, दोन वर्षं आणि त्यानंतरही, हे मला ठाऊक होतं.

मग मला पाठीमागे जमीन जाणवली. मी हळू वळले. त्या दोघी परत आल्या होत्या. त्यांनी असा प्राणी कधी पाहिला नसावा, दोन पायांचा, पाठीवर चामड्याचं कुबड असलेला, ज्याच्या चालण्यात लगामही नाही आणि स्वारही नाही. माना ताणून, नाकपुड्या रुंद करून त्या त्याच्या मागून येऊ लागल्या. मी बाजूला झाले आणि त्या माझ्या शेजारून गेल्या, इतक्या जवळून की धाकटीच्या श्वासानं माझी बाही हलली. मामाला कळलं होतं. त्यानं मागे बघितलं नाही, पाऊलही बदललं नाही, फक्त त्याची मान जरा ताठ झाली. खोगीर वाहणारा माणूस आणि त्याच्यामागून पाठीवर कधी खोगीर न चढलेल्या दोघी, उन्हात चढण चढत राहिले. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी तो उचलला, आणि शिखर चौकटीत येऊ नये एवढी काळजी घेतली.